पंचेचाळीस चेंडू गेले कुठे? सिम्युलेशनमधल्या बेसबॉल संघाच्या फिल्डिंगची झडती

४ जानेवारी

कॉम्प्युटरवरच्या बेसबॉल गेममधल्या माझ्या संघाचा हंगाम संपला. १६२ सामने, ७८ जिंकले, ८४ हरले. बॅटिंग लीगमध्ये पाचवी, पिचरांचे (चेंडू टाकणाऱ्यांचे) स्ट्राइकआउट (बॅटरला फटका न मारू देता बाद करणं) आणि वॉक (बॅटरला फुकटात पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, जाऊ देणं) सरासरीच्या आसपास, आणि फिल्डिंग टक्केवारी ०.९८७, म्हणजे लीगमध्ये पहिली. कागदावर हा संघ निम्म्याच्या खाली जायला नको होता. पण ऑगस्टपासून एकच दृश्य वारंवार बघत होते: समोरच्याचा बरा म्हणावा असा फटका, आणि चेंडू दोन फिल्डरांच्या मधोमध. पिचरांना शिव्या घालून झाल्या. आता फिल्डिंग तपासायची.

आधी त्या ०.९८७ बद्दल. पुटआउट (स्वतः बाद करणं) अधिक असिस्ट (चेंडू फेकून दुसऱ्याला बाद करायला मदत), भागिले पुटआउट अधिक असिस्ट अधिक एरर (फिल्डरची चूक). माझे आकडे: ४३५३ पुटआउट, १५६० असिस्ट, ७८ एरर. गोम अशी की एरर लागायला चेंडूपर्यंत पोचावं लागतं. जो पोचलाच नाही त्याच्या नावावर काही लागत नाही, बॅटरला हिट मिळते, म्हणजे फटक्याच्या जोरावर तो बेसवर पोचला अशी नोंद होते. क्रिकेटमध्येही सुटलेला झेल वर्षभर लक्षात राहतो, आणि ज्याच्याकडे फिल्डर वळलाच नाही तो चेंडू निमूटपणे फलंदाजाच्या खात्यात जातो.

घरचा एक नियम: जुनी सेव्ह फाइल उघडून चूक पुसायची नाही. प्रयोग करायचे तर फाइलची प्रत काढून.

५ जानेवारी

पहिलं काम, संपूर्ण संघाचा एक आकडा: मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती बाद झाले. इंग्रजीत याला डिफेन्सिव्ह एफिशियन्सी म्हणतात. यातून वॉक, स्ट्राइकआउट आणि होमरन (थेट कुंपणापार गेलेले फटके) वगळायचे, कारण त्यात फिल्डरांचा हात नसतो.

समोरच्या संघांच्या एकूण ६१८० खेपा, म्हणजे इतक्या वेळा बॅटर मारायला उभा राहिला. त्यातून ५२० वॉक, १३४० स्ट्राइकआउट, ६२ बॅटरच्या अंगाला लागलेले चेंडू वजा केले, उरल्या ४२५८. हिट १४३१, त्यातले होमरन १७८, उरले १२५३. १२५३ ला ४२५८ ने भागलं, उत्तर एकातून वजा केलं: ०.७०६.

लीगची सरासरी गेम ०.६९३ दाखवतो. म्हणजे माझी फिल्डिंग उत्तम! संध्याकाळभर खूश होते. पिचरच वाईट हे सिद्ध झालं असं मानून दोघांना सोडायच्या यादीतही टाकलं.

६ जानेवारी

सकाळी दिसलं. होमरन हिटमधून वजा केले, पण खालच्या आकड्यातून करायचे राहिले. ६१८० मधून १७८ सुद्धा जायला हवेत. मैदानात पडलेले चेंडू ४०८०. नवा आकडा ०.६९३. अगदी लीगच्या सरासरीइतका.

संपवणारच होते. पण हाच गेम खेळणाऱ्या एका मित्राला शीट दाखवली, तर त्याने एका ओळीत विचारलं, "अगं, एररवर बेसवर पोचलेले कुठे धरलेस?"

कुठेच नाही. माझ्या ७८ एररांपैकी ४४ वेळा बॅटर सुखरूप पहिल्या बेसवर पोचला होता. तो चेंडूही बाद न झालेलाच. गेम लीगची सरासरी काढताना हे धरतो, मी धरत नव्हते. १२५३ अधिक ४४ म्हणजे १२९७, भागिले ४०८०. उत्तर ०.६८२.

दोन दिवसांत एकच संघ उत्तम, मग साधारण, मग वाईट. हे कुणी करून बघणार असेल तर एवढं करा: लीगचा तयार आकडा आणि आपण काढलेला आकडा शेजारी ठेवण्याआधी दुसऱ्या एखाद्या संघाचा आकडा स्वतः काढून गेमशी जुळतो का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

०.६९३ आणि ०.६८२ मधला फरक गुणिले ४०८०, म्हणजे ४५ चेंडू. बाद होण्याऐवजी सिंगल (एका बेसची हिट) गेली की साधारण पाऊण धावेचा फटका बसतो, डबल (दोन बेसची) गेली तर एक धाव. सगळे मिळून ३५ च्या आसपास धावा. दहा धावांना एक विजय हा जुना हिशेब धरला तर साडेतीन विजय. ७८ चे ८१ झाले असते, म्हणजे बरोब्बर निम्मे. पिचरांना यादीतून काढलं.

हे झेपण्यासारखं आहे हे मला टॅम्पा बे रेज या खऱ्या अमेरिकन संघामुळे माहीत होतं. २००७ मध्ये ६६ विजय, २००८ मध्ये ९७, आणि त्याच दोन वर्षांत डिफेन्सिव्ह एफिशियन्सीचा हाच आकडा लीगमध्ये तळातून थेट वर. फिल्डिंग एवढा फरक पाडू शकते, तर माझे ४५ चेंडू कुणीतरी सोडलेच असणार.

१० जानेवारी

आता माणसं. रेंज फॅक्टर काढायला घेतला, बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याचा: पुटआउट अधिक असिस्ट, गुणिले नऊ, भागिले इनिंग. फिल्डर नऊ इनिंगांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, किती जणांना बाद करण्यात हात लावतो, एवढंच.

इथे चाळीस मिनिटं वाया. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) वर्षभरात तिघे खेळले: ११९८.२, १८७.२ आणि ६४.२ इनिंग. बेरीज संघाच्या १४५१ इनिंगांशी जुळायला हवी, शीट सांगते १४४९.६. हरवलेली दीड इनिंग शोधत बसले, चौथा कुणी खेळला का म्हणून सामने चाळले. मग डोक्यात प्रकाश पडला: .२ म्हणजे दोन दशांश नव्हे, दोन तृतीयांश, कारण एका इनिंगमध्ये तीन बाद असतात. तीन वेळा दोन तृतीयांश म्हणजे दोन पूर्ण इनिंग, १४५१ जुळले. गंमत म्हणजे रेंज फॅक्टरला याने काडीचा फरक पडला नाही.

कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) आणि फर्स्ट बेसमनचा रेंज फॅक्टर काढूच नका. स्ट्राइकआउटचा पुटआउट कॅचरच्या नावावर लागतो, माझ्या ४३५३ पैकी १३४० असेच. फर्स्ट बेसमन दुसऱ्यांनी फेकलेले चेंडू पकडून श्रीमंत होतो.

मुख्य शॉर्टस्टॉप: १६८ पुटआउट, ३३८ असिस्ट, ९ एरर. रेंज फॅक्टर ३.८०. लीगमध्ये शॉर्टस्टॉपची सरासरी ४.१२.

सेकंड बेसमन: १२४१ इनिंग, २६२ पुटआउट, ४२१ असिस्ट, १७ एरर. रेंज फॅक्टर ४.९५, लीगची सरासरी ४.५८.

सगळं एका क्षणात जुळल्यासारखं वाटलं. शॉर्टस्टॉप चुका करत नाही कारण तो कशापर्यंत पोचतच नाही. सेकंड बेसमन सतरा चुका करतो कारण तो सगळीकडे पोचतो. त्यात भर म्हणजे या शॉर्टस्टॉपला गेमने वर्षाचा सर्वोत्तम फिल्डर ठरवलं होतं. हसू आलं. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेइरोला फर्स्ट बेसचं गोल्ड ग्लोव्ह (सर्वोत्तम फिल्डरचं खरं पारितोषिक) मिळालं तेव्हा तो त्या जागेवर अवघे २८ सामने खेळला होता. म्हटलं, माझ्या गेमनेही तोच कित्ता गिरवला.

११ जानेवारी

शॉर्टस्टॉप देऊन टाकला. बदल्यात एक रिलीफ पिचर (सामन्याच्या मधे बदली म्हणून येणारा) आणि एक एकोणीस वर्षांचा पोरगा. समोरच्या संगणकी व्यवस्थापकाने क्षणात होकार दिला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

१७ जानेवारी

आज खरी झडती, चेंडूगणिक. गेम प्रत्येक सामन्याची मजकूर-नोंद ठेवतो, आणि चेंडू कुठे गेला त्याचा कोड असतो. जागांचे आकडे नेहमीचेच: पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. '५६' म्हणजे थर्ड आणि शॉर्टस्टॉपच्या मधून, '७८' म्हणजे लेफ्ट आणि सेंटरच्या मधला गॅप, पुढे 'डी' असेल तर खोल.

सामने एकेक उघडून नोंद शीटमध्ये चिकटवायला लागले. वीस सामन्यांना दोन तास. एकविसाव्याला जेवायला उठले, परत येऊन मेनूत दुसरंच काहीतरी शोधत होते तर अख्ख्या हंगामाच्या नोंदी एका फाइलीत काढायची सोय दिसली. चार मिनिटांत १६२ सामने.

मग मोजणी. पहिली बेरीज ४६११ चेंडू. असायला हवेत ४०८०. कारण सापडायला फार वेळ लागला नाही: '७' शोधलं की '७८' आणि '७८डी' पण येतात, म्हणून गॅपमधला प्रत्येक चेंडू लेफ्ट फिल्डरच्याही माथी बसत होता. कोडच्या पुढेमागे स्वल्पविराम धरून शोधलं तेव्हा ४०८० आले. हा एकूण आकडा आधीच माहीत असणं किती उपयोगी पडतं ते इथे कळलं. नसता, तर लेफ्ट फिल्डरही विकला असता.

१८ जानेवारी

तुलना कुणाशी करायची? अख्ख्या लीगच्या नोंदी काढणं माझ्या संगणकाला झेपेना. मग सुचलं की त्याच १६२ सामन्यांत त्याच मैदानांवर समोरचे संघही फिल्डिंग करत होते. तीच मोजपट्टी. मैदान लहान-मोठं असण्याचा प्रश्नही आपोआप मिटतो. एक कच्चा दुवा आहे: ते माझ्या बॅटरांचे फटके अडवतात, मी त्यांच्या. माझे बॅटर जोरात मारणारे असतील तर समोरचे फिल्डर उगाच वाईट दिसतील. पण त्या सामन्यांत समोरच्यांचा एकूण आकडाही ०.६९३ च आला, लीगइतकाच. म्हणून चालवून घेतलं.

शॉर्टस्टॉपच्या हद्दीतले ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेले फटके (माणूस कुणीही असो, जागा धरून): माझ्याकडे ५२०, त्यातले ३७२ बाद, ०.७१५. समोरच्यांकडे ६०१, त्यातले ४३१ बाद, ०.७१७.

वर्षभरात एका चेंडूचा फरक.

तो कमी पोचत नव्हता. त्याच्याकडे चेंडूच कमी येत होते, समोरच्यापेक्षा ८१ कमी. का, तेही लगेच कळलं. माझे पाचही स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) उजव्या हाताचे. समोरचे व्यवस्थापक त्यांच्यासमोर डावखुरे बॅटर रचतात, आणि डावखुऱ्यांचे ग्राउंडर बहुतेक ओढलेले, म्हणजे मैदानाच्या उजव्या अंगाला, सेकंड बेसमनकडे. रेंज फॅक्टर म्हणजे फिल्डरची धाव असं मी समजत होते. निम्मा तर माझ्याच पिचरांचा हात मोजत होता.

सेकंड बेसच्या हद्दीत माझे ६०४ पैकी ४५२ बाद, ०.७४८. समोरचे ५२८ पैकी ३८९, ०.७३७. सात चेंडू जास्त, आणि हे त्याच्या सतरा एरर आत धरून. तो खरंच चांगला आहे, पण ४.९५ वाटतो तेवढा नाही.

शॉर्टस्टॉप गेला तो गेलाच. नियम माझाच.

२४ जानेवारी

उरलेल्या जागा. लांबण लावत नाही. सेकंड बेस सात जमा. वजा बाजूला शॉर्टस्टॉप एक, फर्स्ट सहा, थर्ड नऊ, राइट फिल्ड अकरा, पिचर आणि बंट (बॅटने हलकेच ठेवलेले चेंडू) मिळून तीन. लेफ्ट फिल्डरची स्वतःची हद्द शून्यावर. थर्डचे नऊ मला मान्य आहेत, तिथला माणूस छत्तीस वर्षांचा आहे आणि त्याला मी बॅटसाठीच ठेवलाय.

आणि मग '७८', '७८डी' आणि '८डी', म्हणजे डावा गॅप आणि सेंटरची खोल बाजू. माझे २६८ पैकी १२३ झेल, ०.४५९. समोरचे २७४ पैकी १४८, ०.५४०. एका पट्ट्यात बावीस चेंडू. एकूण ४५ पैकी जवळजवळ निम्मे, आणि तेही सगळ्यांत महाग, कारण इथे पडलेला चेंडू सहसा सिंगलवर थांबत नाही.

तारखा लावून बघितलं. पहिले ८८ सामने: १४२ पैकी ७५, ०.५२८. नंतरचे ७४ सामने: १२६ पैकी ४८, ०.३८१.

८९ व्या सामन्याला काय झालं ते शोधायची गरज नव्हती. सेंटर फिल्डरची मांडी दुखावली, सहा आठवडे बाहेर. मी लेफ्ट फिल्डरला मधे सरकवलं आणि बाकावरचा एक बॅटर लेफ्टला घातला. दोघं झोडपायला लागले. सेंटर फिल्डर बरा होऊन आला तेव्हा त्याला बाकावर बसवला आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच ठेवला.

१३१ व्या सामन्याची नोंद उघडली. आठवी इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, दोन बाद, धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर. नोंदीत एवढंच: लाइन ड्राइव्ह (सरळ, सपाट फटका), ७८, डबल, दोन धावा. एरर नाही, कुणाचं नाव नाही. त्या रात्री मी रिलीफ पिचरला खालच्या संघात पाठवला होता. आणि शेवटच्या इनिंगांत फिल्डिंगसाठी बदली उतरवायची एक खूण सेटिंगमध्ये असते. ती वर्षभर बंद होती. मी कधी उघडूनच पाहिली नव्हती.

३१ जानेवारी

प्रश्न उरला तो नशिबाचा. १२६ चेंडू म्हणजे काही फार नव्हेत. खऱ्या संघाला इथे थांबावं लागतं. माझ्याकडे मात्र ८८ व्या सामन्यानंतरची सेव्ह फाइल आहे. तिची प्रत काढून उरलेले ७४ सामने वीस वेळा जुन्या सेंटर फिल्डरसह (जायबंदी नाही असं धरून) आणि वीस वेळा सरकवलेल्या माणसासह चालवायचे ठरवलं. एका फेरीला अकरा मिनिटं.

पहिल्या सहा फेऱ्या फुकट. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे यायला लागले म्हणून एक फेरी उघडून पाहिली, तर तिसऱ्याच दिवशी संगणकी प्रशिक्षकाने आपल्या मर्जीने संघ बदललेला. संघनिवड स्वयंचलित राहिली होती. तासभर गेला. ती बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

२ फेब्रुवारी

चाळीस फेऱ्या पूर्ण. सात तास वीस मिनिटं, वाया गेलेला तास वेगळा.

त्या पट्ट्यात जुना सेंटर फिल्डर सरासरी ०.५३१. सरकवलेला माणूस ०.४६८. फरक खरा आहे, पण ०.३८१ कुठेच नाही. वीसपैकी एकाच फेरीत तो ०.४०० च्या खाली गेला.

१२६ चेंडूंवर हिशेब: दुसऱ्या टप्प्यात वीस चेंडू गमावले, त्यातले आठ माझ्या निर्णयामुळे. एक जुना माणूस असता तरी गेला असता. उरलेले अकरा निव्वळ फाशांचं दान.

आणि बॅटिंगची बाजू? सरकवलेल्या रचनेने ७४ सामन्यांत सरासरी पाच धावा जास्त केल्या. गॅपमधले आठ चेंडू म्हणजे साधारण आठ धावा. तीन धावांचा तोटा. विजय सरासरी ३३.१ विरुद्ध ३३.४. प्रत्यक्षात आम्ही ३१ जिंकलो होतो.

मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर: "तीन धावांसाठी सात तास?" मी म्हटलं, सात तासांवर वीस मिनिटं जास्तच होती.

९ फेब्रुवारी

नव्या हंगामासाठी केलेले बदल. सातव्या इनिंगनंतर पुढे असू तर सेंटर आणि थर्डला फिल्डिंगची बदली, ती खूण आता चालू. सेंटर फिल्डर परत मधे. पाच स्टार्टरांत एक डावखुरा आणला, फिल्डिंगसाठी नव्हे, पण शॉर्टस्टॉपला थोडं काम मिळेल. नवा शॉर्टस्टॉप गेमच्या रेटिंगनुसार आधीच्यापेक्षा एक पायरी खाली आहे. तेवढ्या पैशांत तोच मिळत होता. शीटमध्ये दर पंधरा सामन्यांनी नोंदी ओतायच्या, आणि चेंडूंची एकूण बेरीज जुळल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

बदल्यात आलेला रिलीफ पिचर खांदा धरून बसलाय. एकोणीस वर्षांच्या पोराबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही.

२३ फेब्रुवारी

पंधरा सामने. डावा गॅप आणि सेंटरची खोल बाजू मिळून २३ चेंडू, १२ झेल. एवढ्यावरून काहीही म्हणता येत नाही, म्हणून काही म्हणत नाही.

शेवटचे तीन सामने माझ्या जुन्या शॉर्टस्टॉपच्या संघाविरुद्ध होते. त्याने '५६' मधून आमचे दोन ग्राउंडर काढले, दोन्ही वेळा बॅटर पावलाभराने बाद. ते मी 'समोरचे' या रकान्यात टाकले.